मोडीत घालण्याआधी यादी तरी करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की आमच्या लातुरात भांड्यांच्या दुकानांसमोर गोण्या दिसू लागतात. दिवाळीची आवराआवर सुरू होते, माळ्यावरचं पितळ-तांबं खाली येतं आणि मोड देऊन नवीन स्टील घरात येतं. त्या गोण्यांमध्ये भातुकलीही जाते, म्हणून हे पत्र लिहिते आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गेली तेरा-चौदा वर्षं जुनी बाहुलीघरं, जुनी भातुकली आणि त्यांत मांडायचं सामान जमवते. या वयात हा काय खेळ, असं पुष्कळ जण विचारतात.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजायला काही मिनिटं असताना भूकंप झाला आणि आमचं माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं छत, खाली आलं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. वडील आतल्या खोलीत होते, ते गेले. आई ओसरीत झोपली होती म्हणून वाचली. पुढे ढिगारा उपसताना भिंतीतल्या बळदात, म्हणजे धान्य साठवायच्या पोकळीत, ज्वारीखाली दडवलेलं एक गाठोडं सापडलं. जुन्या इरकलीत बांधलेली ती आईची भातुकली होती. तिला ती तिच्या आजोळाहून मिळालेली. त्यातला तांब्या माझ्या दोन बोटांएवढा, त्याचा काठ एका बाजूला चेपलेला. तो मी सहा वर्षांची असताना दगडावर आपटून चेपला होता आणि आईने मला ओरडायचं सोडून त्याला चिंचेने घासून ठेवलं होतं.

ते गाठोडं भूकंपातून वाचलं, पण २००४ च्या दिवाळीत घरातल्याच माणसाने ते मोडीत घातलं. वाईट हेतू काहीच नव्हता. माळ्यावर पडून होतं, कुणी वापरत नव्हतं. पावणेदोन किलो भरलं आणि त्या बदल्यात एक स्टीलचा डबा घरी आला. मी शाळेतून आले तेव्हा आई गप्प बसली होती. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी दारात उभी होते, पण माल रात्रीच पुढे गेला होता. त्या रात्री आम्ही दोघी वही घेऊन बसलो आणि काय काय होतं ते आठवून लिहिलं. घंगाळ, चरवी, गुंड, परात, झारा, पळी, सांडशी, फुंकणी, दगडी जातं, लाकडी काठवट. एकतीस नगांची यादी झाली. आई म्हणाली, अजून दोन-चार असतील, पण तिला आठवेनात. पुढे ती गेली. ते दोन-चार नग तिच्याबरोबरच गेले.

यादीचं महत्त्व मला बाहुलीघरांच्या इतिहासात नंतर सापडलं. माहीत असलेलं सगळ्यात जुनं बाहुलीघर बव्हेरियाच्या ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा यांनी १५५८ च्या सुमारास करवून घेतलं. ते घर आज नाही. पण १५९८ मध्ये त्या संग्रहाची यादी केली गेली होती आणि म्हणूनच त्या घरात कोणकोणत्या खोल्या होत्या ते कळतं. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या बाईंचं सतराव्या शतकाच्या अखेरचं बाहुलीघर आहे. त्या काळी कालव्याकाठी खरं घर घेता आलं असतं एवढा पैसा तिने त्यावर घातला असं सांगतात. नवी दिल्ली ज्यांनी आखली त्या लट्यन्सनीच राणी मेरीसाठी बाहुलीघर बांधलं. ते १९२४ मध्ये पूर्ण झालं आणि आता विंडसरच्या किल्ल्यात आहे. त्यात नळाला पाणी येतं आणि विजेचे दिवे लागतात. ही घरं मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी केली होती. आपलं घर कसं होतं हे पुढच्यांना दिसावं, एवढं तरी त्यांनी करून ठेवलं.

माझं पहिलं बाहुलीघर मला २०११ मध्ये जालन्यात भंगारवाल्याकडे मिळालं. चार खोल्यांचं, लाकडी, पुढची अख्खी भिंत बिजागरीवर दारासारखी उघडते. कुण्या साहेबाच्या बंगल्यातलं असावं, असं तो म्हणाला. वरून हिरवा ऑइलपेंट फासलेला, पण एका कोपऱ्यात पोपडा निघाला होता आणि आत बारीक फुलांचा कागद दिसत होता. मला वाटलं, रंग खरवडून सगळा कागद मोकळा करावा. नंतर हात आवरला. जुन्या रंगांत शिसं असतं, त्याची धूळ श्वासातून आत जाते, म्हणून पॉलिश पेपर लावणं धोक्याचं. शिवाय तो हिरवा रंगही त्या घराचाच. कुणीतरी आपल्या लेकरासाठी तो लावला असणार. म्हणून मी फक्त मऊ ब्रशने धूळ काढली आणि बिजागरीला तेल दिलं. ज्यांच्याकडे असं जुनं खेळणं असेल त्यांनी ते लहान मुलांच्या तोंडापासून लांब ठेवावं आणि नवा रंग मात्र देऊ नये.

घर आलं, आता सामान मांडायचं. इथे माझी फजिती झाली नाही, पण डोळे उघडले. विलायती बाहुलीघरांचं माप बहुधा एका फुटाला एक इंच असतं. सात फुटांचं दार सात इंचांचं होतं. आपली भातुकली त्या मापाची नसते. तिच्यातला दोन इंचांचा तांब्या त्या घरात ठेवला की दोन फुटांचा रांजण दिसतो. आपल्या भांड्यांना ते घर पुरत नाही, कारण ती वेगळ्या घरासाठी घडली होती. मी पट्टी घेऊन बसले. घरातला खरा तांब्या आठ इंच, भातुकलीतला दोन. म्हणजे घर एक चतुर्थांश हवं.

मग मी आमचं स्वयंपाकघर बांधायला घेतलं. आईने सांगितलेलं, मामांनी जमिनीवर काठीने काढून दाखवलेलं, असं सगळं जमवून दोन खणांचं. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. अडीच फूट रुंद, तीन फूट लांब. सागाच्या उरलेल्या फळ्यांच्या तुळया, वर कड्या, त्यांवर किलचं म्हणजे लाकडाच्या बारीक फळकुट्या, त्यावर पाला आणि पांढरीची माती. मध्ये सानं, म्हणजे धूर जायला आणि उजेड यायला छतात भोक. उन्हाळ्यात आई त्या सान्यातून पडणाऱ्या कवडशावरून वेळ सांगायची. भिंतीत बळद, दिवळी आणि कोनाड्यात देव. चुलीजवळची भिंत मी रॉकेलच्या चिमणीने काळी केली, कारण ती तशीच होती. छताचा फक्त एक कोपरा, हातभर लांब-रुंद, खऱ्या थरांनी भरला. तेवढ्याला तीन घमेली माती लागली. खऱ्या माळवदावर दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला माणसं आणखी माती टाकायची. आणि खाली भिंती कसल्या, तर मातीत रचलेले दगड. शेजारची मुलं येतात तेव्हा मी त्यांना ती घमेली उचलायला लावते. १९९३ ला काय झालं, हे मला मग वेगळं सांगावं लागत नाही.

त्या भूकंपानंतर आमच्याकडे सिमेंटच्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि ते योग्यच झालं. माळवदात परत राहायला जा, असं मी कुणाला म्हणणार नाही. पण माझ्या नातीला उतरंड म्हणजे काय, शिंकाळं कुठे टांगतात, ढाळजेत कोण बसायचं, हे ठाऊक नाही. आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं संग्रहालय आहे. सातवाहनकाळातल्या मातीच्या लहानशा मूर्ती आणि हस्तिदंताची बाई तिथे पाहायला मिळते. दोन हजार वर्षांपूर्वीची वीतभर वस्तू आपण काचेत ठेवली. मग आपल्याच आजीचं स्वयंपाकघर कुणी जपून ठेवणार नाही का? मराठवाड्यातल्या संग्रहालयांनी एकेक दालन नको, एकेक कपाट तरी घरगुती वस्तूंना द्यावं. सामान द्यायला माणसं तयार आहेत. माझ्याकडेच एकतीसपैकी एकोणीस नग पुन्हा जमले आहेत. काही परळीच्या आठवडी बाजारातून आणले, बाकीचे बहुतेक मोडवाल्यांकडून, मोडीच्या भावाला थोडे वर पैसे देऊन.

आपल्या वाचकांकडे एक मागणं आहे. यंदा माळा आवरताना भातुकलीचं गाठोडं निघालं तर वजनकाट्यावर ठेवण्याआधी ते सतरंजीवर मांडा, आईला किंवा आजीला शेजारी बसवा आणि प्रत्येक नगाचं नाव लिहून घ्या. मोबाइलवर फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा. फार चकाचक करू नका, पावडरने घासलं की नक्षी झिजते. मऊ फडकं पुरे. त्यानंतरही विकायचं असेल तर विका, तुमची अडचण तुम्हालाच ठाऊक. आणि ज्यांना आपल्या जुन्या माळवदाची मापं आठवत असतील, किती खण, सानं कुठे, बळद कोणत्या भिंतीत, त्यांनी ती कागदावर काढून आपल्याकडे पाठवावीत. आपण ती छापलीत तर मी पुढची खोली त्यावरून बांधीन. आमच्या ओसरीला खांब चार होते की सहा, यावर मामांचं आणि माझं अजून जुळलेलं नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, लातूर