मागचं चाक खरंच हलत होतं, काका

काका, नमस्कार.

गेल्या रविवारी संध्याकाळी, साखळीच्या बाजारात तुम्ही दुकानाच्या फळ्या लावायच्या बेतात होता, तेव्हा काळी माउंटन बाईक ढकलत आलेली बाई ती मी. तुमच्याकडे रोज कितीतरी गाड्या येतात, माझी आठवणार नाही कदाचित. मला मात्र त्या दिवसापासून दुसरं काही सुचत नाही.

महिनाभर त्या मागच्या चाकाने माझा जीव खाल्ला होता. वळण घेताना गाडीचं बूड बाजूला सरकायचं, डिस्क मध्येच ब्रेकला घासून खरखरायची आणि सरळ रस्त्याला लागलं की सगळं गप्प. शहरातल्या दोन मोठ्या दुकानांत दाखवून झालं. पहिल्याने क्विक रिलीज, म्हणजे चाक फ्रेमला आवळून धरणारी लिव्हरची दांडी, आवळून दिली आणि वर ‘मॅडम, लिव्हर नीट बंद करत जा’ असं ऐकवलं. दुसऱ्याने तारा आवळून रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला, पैसे घेतले. आठवड्याने परत गेले तर गाडीला हातसुद्धा न लावता म्हणाला, ‘रस्ते खराब आहेत, तुम्हाला भास होतोय.’ बाजूला उभा असलेला पोरगा हसला. पंक्चरचा कधी इतका राग आला नव्हता, तेवढा त्या हसण्याचा आला. वीस वर्षं सायकल चालवतेय मी. खालची गाडी कुठे अंग टाकते ते कमरेला आधी कळतं.

तुम्ही विचारलंत, ‘खंय हालता? केन्ना?’, कुठे हलतं आणि कधी, आणि मी सांगून संपेपर्यंत एकदाही मध्ये बोलला नाहीत. मग मागचं चाक उचललंत, चेनस्टेला, म्हणजे चाकाशेजारच्या फ्रेमच्या दांडीला, अंगठा टेकवून रिम आडवी हलवून पाहिलीत. आणि पुढे जे केलंत त्यासाठी हे पत्र. खांद्यावरचं फडकं घेऊन तेवढी जागा, चेनस्टे आणि रिमच्या मधली, स्वच्छ पुसलीत. तिथे चोर्ल्याची तांबडी माती आणि चेनचं काळं तेल यांचा थर होता. पुसून झाल्यावर म्हणालात, ‘हांगा बोट दवरात.’

माझ्या बोटाला काळं लागू नये म्हणून जागा पुसणारा मेकॅनिक मी आजवर पाहिला नव्हता.

बोट ठेवलं. तुम्ही रिम हलवलीत. टक्. पुन्हा टक्. भातातला खडा दाताखाली यावा इतकं स्पष्ट. तुम्ही माझ्याकडे पाहून एवढंच म्हणालात, ‘तुमी सांगतात तें खरें.’ घरी जाऊन मी त्या एका वाक्यावर रडले, काका.

बाकीचं तुम्हाला माहीतच आहे. क्विक रिलीजची दांडी ओढून काढलीत आणि मागोमाग ॲक्सलचे दोन तुकडे हातात आले. पेन्सिलीपेक्षा बारीक दांडी, पोकळ ॲक्सलच्या आतून जाणारी, आणि तीच ते दोन तुकडे आवळून धरून होती! तुटलेलं तोंड तुम्ही उजेडात धरलंत. अर्धा भाग काळवंडलेला, अर्धा चकचकीत. काळा भाग म्हणजे जुना तडा, चकचकीत तो परवाचा. म्हणजे महिनाभर मला जाणवत होतं ते तिथे लिहून ठेवल्यासारखं होतं. मागच्या दातेरी चकत्या आट्यांनी बसतात अशा फ्रीव्हीलच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, उजवीकडचं बेअरिंग बरंच आत बसतं, त्यामुळे त्या बाजूचा ॲक्सल आधाराविना राहतो आणि तिथेच मोडतो, हेही तुम्हीच समजावलंत. त्याच सकाळी मी त्याच चाकावर चोर्ला घाट उतरून केरीला आले होते. त्या वळणांचा विचार अजून करवत नाही.

नवे छर्रे तुम्ही स्टीलच्या बशीत मोजून घेतलेत, एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ. छर्रे दाबून धरणारे कोन (शंकूच्या आकाराचे नट) लावताना मुद्दाम जराशी ढील ठेवलीत, क्विक रिलीज बंद केल्यावर ती आपोआप जाते म्हणून. तोवर बाजारातले दिवे लागले होते. घरी जायला उशीर होतोय असं एकदाही जाणवू दिलं नाहीत. पैसे घेतलेत ते सामानाचे आणि तासाभराच्या मजुरीचे, तेही मी दोनदा विचारल्यावर.

एखादी गोष्ट आपल्याला अजून दिसली नाही म्हणून समोरच्याला खोटं न पाडणं, हे आजकाल दवाखान्यात, कचेरीत, घरातसुद्धा किती कमी मिळतं. तुमच्या त्या दहा फुटी दुकानात ते मिळालं.

ॲक्सलचे दोन्ही तुकडे तुम्ही वर्तमानपत्रात बांधून दिलेत, ते माझ्या टेबलावर आहेत. ‘भास होतोय’ म्हणणाऱ्या दुकानात ते घेऊन जायचं मनात होतं. आता नाही जाणार.

चवथीला डिचोलीला घरी या, काकूंना घेऊन. नेवऱ्या मी स्वतः करते. मी सायकलवरून आमंत्रणाला येईनच.

देव बरें करूं.

तुमची,
काळ्या सायकलवाली