वडगावच्या मामांना, सहा मिशावाल्यांच्या घरून

मामा, सप्रेम नमस्कार.

फोनवर दोन ओळींपेक्षा जास्त तुम्ही वाचत नाही, ठाऊक आहे मला. सूनबाई वाचून दाखवतील. तेवढा वेळ माग बंद ठेवा म्हणजे झालं. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे की अक्का, चहा घे" म्हणून विषय मोडता, म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे.

मुलाच्या वाढदिवसाला जानेवारीत आम्ही माशांचा दोन फुटी टँक आणला, तेव्हा तुमची ओळखही नव्हती. दुकानाचं नाव घेत नाही. काच, फिल्टर, निळे-गुलाबी खडे, दोन गोल्डफिश आणि चार कोरी (तळाशी फिरणारे छोटे मिशीवाले मासे), सगळं एकाच दुपारी पिशवीत घालून दिलं. "हे मिशावाले तळ साफ करतात, ह्यांना वेगळं खायला लागत नाही," असं वर सांगितलं. बेळगावात अनगोळला घरी येऊन आम्ही नळाचं पाणी भरलं, मासे सोडले, फोटो काढले. पाचव्या दिवशी पाणी ताकाच्या निवळीसारखं झालं. मी फिल्टरचा स्पंज काढून नळाखाली खसखसून धुतला. आठव्या दिवसापर्यंत तीन कोरी गेले. चौथा मिनिटामिनिटाला वर झेपावून हवा घ्यायचा आणि दगडासारखा खाली यायचा. मुलाला वाटलं, खेळतोय.

घरी मासे पाळणारे मामा म्हणून ऑफिसातल्या एकीने तुमचा नंबर दिला. तुम्ही संध्याकाळी पाळी संपवून आलात, शर्टाला सुताचा भुरा तसाच. मला वाटलं, पिशवीतून औषधाची बाटली काढाल. तुम्ही आधी टँकमधला एक खडा उचललात आणि माझ्या मुलाच्या हातावर घासलात. "आं!" केलं त्याने. "ह्याच्यावर तोंड घासून जेवशील काय?" एवढंच विचारलंत. मग आम्ही पहिल्यांदा नीट पाहिलं. राहिलेल्या कोरीच्या मिशा झिजून नुसते खुंट उरले होते. तळातलं अन्न चाखून, चाचपून शोधायला त्याच्याकडे त्याच मिशा असतात, आणि आम्ही त्याला धारदार खड्यांवर सोडलं होतं, तेही घाण साचलेल्या.

नंतर ती काचेची नळी. पाच मिली टँकचं पाणी, त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब मोजून घातले, पाच मिनिटं थांबलो. पिवळं राहायला हवं ते गवतासारखं हिरवं झालं. अमोनिया. तो हिरवा रंग मी अजून विसरले नाही. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं ह्यातून तो तयार होतो, आणि तो पचवणारे जिवाणू नव्या टँकमध्ये नसतातच, हे तुम्ही सांगेपर्यंत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. जे चार जिवाणू स्पंजात धरत होते, ते मी नळाच्या क्लोरीनखाली धुऊन टाकले होते. स्वच्छतेच्या नादात. आईने लावलेली सवय, दुसरं काय!

"ह्यो कोरी वर हवा घेतोय तो रोगाने न्हवं," तुम्ही म्हणालात. हे मासे गिळलेल्या हवेतला प्राणवायू आतड्यातून घेतात, अधूनमधून वर येणं हा त्यांचा स्वभावच. सारखे येऊ लागले की पाण्यात काहीतरी बिघडलंय समजायचं. एवढं एक माहीत असतं तरी आमचे तीन वाचले असते.

त्या रात्री तुम्ही गोल्डफिश आणि उरलेला कोरी दोन्ही घेऊन गेलात. मुलगा जाळी घेऊन धावला तर तुम्ही ओरडलात, "जाळी नको, लोटा आण!" कोरीच्या पंखाला टोकदार काटा असतो, तो ताठ करून जाळीत अडकवून घेतो, सोडवताना मासाही जखमी आणि बोटही. लोट्यातून तो शांतपणे डब्यात गेला. मी लगेच विचारलं, नवे सहा कधी देता? पैसेही काढले होते. तुम्ही म्हणालात, "पाच आठवडे मासे मिळणार नाहीत. माझ्याकडे तर नाहीतच, दुसरीकडून आणलीस तर मला फोन करू नकोस."

मामा, आभार मानायचे आहेत ते ह्याचे.

त्या पाच आठवड्यांत तुम्ही आमच्याकडून जे जे करून घेतलंत, त्याची मजा आता वाटते. तुमच्या जुन्या फिल्टरचा निम्मा स्पंज कापून स्टीलच्या डब्यातून आणलात, चहाच्या चोथ्यासारखा काळपट. मी नाक मुरडलं तर म्हणालात, "हे विरजण आहे अक्का." त्यानंतर मला एकदाही पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही. दूध नुसतं ठेवून दही होत नाही, आणि लागलेलं विरजण कुणी नळाखाली धूत नाही. टँकमधलंच बादलीभर पाणी काढून त्यात स्पंज दोनदा दाबायचा, बस्स. जिवाणूंना खायला म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टँकमध्ये टाकायचं. मासे नसलेल्या टँकला जेवू घालणारं घर म्हणून शेजारी आमच्याकडे बघायला लागले. आधी अमोनिया चढला, मग जिवाणूंनी तो पचवून त्याचं नायट्राइट केलं, म्हणजे तो उतरला आणि हे चढलं. नायट्राइट रक्तात गेलं की प्राणवायू वाहून नेणं बंद पडतं, म्हणजे तेही वाईटच. शेवटी जिवाणूंनी त्याचंही नायट्रेट केलं, पहिली दोन्ही शून्यावर आली आणि नायट्रेट तेवढं उरलं. ते झाडं खातात, बाकीचं आठवड्याला चौथाई पाणी बदललं की जातं. मुलाने रंगांचा तक्ता वहीत काढला होता. विज्ञानाच्या बाईंनी त्यावर सही केली!

वाळूचं वेगळंच रामायण. बांधकामावर आता सगळीकडे एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली, कडा धारदार. तुम्ही कुणाच्या तरी परसातून जुनी नदीची वाळू शोधून आणलीत. तिच्यावर लिंबू पिळून बुडबुडे येतात का पाहिलंत. आले असते तर वाळूत चुना आहे, पाणी जड होत राहणार. बुडबुडे आले नाहीत. गच्चीवर अकरा बादल्या पाण्याने धुतली तेव्हा कुठे वरचं पाणी निवळ आलं. नवे कोरी आले त्या दिवशी त्यांनी त्या वाळूत डोळ्यांपर्यंत तोंड खुपसलं आणि कल्ल्यांतून वाळू फुर्रकन सोडली. मुलगा हसून हसून लोळला.

आडाच्या पाण्याचं मात्र मी कितीजणांना सांगितलं असेल. आमच्या वाड्यात आड आहे, पाणी गोड, म्हणून मी ताजं काढून ओतायला निघाले होते. तुम्ही थांबवलंत आणि बादलीतलं पाणी तपासलंत: पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल त्याचा आकडा, ६.८ (आकडा जितका वर, तितकं आम्ल कमी). त्यात रात्रभर हवेचा दगड, म्हणजे पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे काढणारा, सोडून ठेवायला सांगितलंत. सकाळी तेच पाणी ७.६! जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो उडाला की पीएच वर चढतो. आकडा ७.६ असला तरी कोरीला चालतो, पण तो झटकन बदललेला चालत नाही. शिवाय पीएच जितका वर, तितका अमोनियाचा मोठा भाग विषारी रूपात. म्हणून आमच्याकडे अमोनिया शून्यच हवा, "थोडासा आहे" हे चालणार नाही. नळाचं पाणी घेतलं तर क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेटचे थेंब. मीठ टाका म्हणणाऱ्या शेजारच्या काकूंना तुम्ही "लोणच्यात टाका" म्हणालात, त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही, तेही कबूल करते. तुम्ही ठिपकेवाले पेपर कोरी निवडलेत. त्यांचं मूळ दक्षिण अमेरिकेच्या ला प्लाटा नदीच्या खोऱ्यात, तुलनेने गार पाण्यात. डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत हा मासा गोळा केला होता आणि १८४२ साली जेनिन्स नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने त्याला शास्त्रीय नाव दिलं, हे मुलाने शोधून काढून मलाच ऐकवलं. बेळगाव साडेसातशे मीटरवर, आपल्या हवेला हेच बरे, हीटर लागणार नाही, असं तुम्ही म्हणालात. मी गुपचूप हीटर आणला. डिसेंबरात पहाटे टँक १९ अंशांवर आला आणि सहाही कोरी मजेत फिरत होते. हीटर कपाटात आहे. त्रास दिला तो एप्रिलने. पाणी ३० वर गेलं, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. झाकण काढून पाण्यावर टेबलफॅन लावायची तुमची युक्ती केली, दोन-अडीच अंश उतरले. लाईट गेली की लोट्याने उंचावरून पाणी ओतत बसायचं, त्याच्या पाळ्या लावल्या होत्या घरात.

आणि जूनची गोष्ट तुम्हाला फोनवर घाईत सांगितली होती. दोन दिवस धो धो पाऊस, मी नेहमीपेक्षा जरा गार पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर साबुदाण्यापेक्षा बारीक दाणे चिकटलेले. तुम्ही पलीकडून एवढंच म्हणालात, "पाऊस आला वाटलं त्यांना." अंडी वेगळ्या डब्यात काढली, चौथ्या दिवशी फुटली. बरीच गेली, पाच जगली. आता नखाएवढी आहेत, पण मिशा अख्ख्या.

तुमच्याकडचा तो आमचा पहिला कोरी, त्याच्या मिशा परत आल्या म्हणता. मुलगा रोज विचारतो, परत आणायचा का. त्याला मी नाही म्हणाले. तुमच्या टाकीत त्याला सोबती झालेत, आता कुठे हलवायचा.

स्टीलचा डबा अजून आमच्याकडेच आहे. रिकामा परत देणार नाही. रविवारी माग बंद असेल तेव्हा कुंदा घालून आणते. चहा तुमच्याकडे.

तुमची,
अनगोळची अक्का