सगळं इंजिन नवीन करायची गरज असतेच असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीवरचा लेख वाचला, फोटो झकास, पण "इंजिनातलं सगळं नवीन टाकलं" हे जे कौतुकानं लिहिलंय ते काही पटलं नाही. आता लोक तेच वाचून गॅरेजला जाणार आणि आमचंही सगळं बदला म्हणणार, गॅरेजवाल्याला काय, तो तयारच बसलाय.

आमच्या वडिलांची ८९ सालची पद्मिनी बरीच वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. पहिल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि लगेच सांगितलं, पूर्ण इंजिन खोलावं लागेल, बोअर (सिलिंडरचं भोक), पिस्टन, रिंगा, क्रँक ग्राइंडिंग (पिस्टन फिरवतात तो दांडा घासणं), सगळं. अहो पण मोजलं काय तुम्ही? काहीच नाही! दुसरा मिस्त्री वयस्कर, काळी-पिवळीची कामं करून हात बसलेला (मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ ला बंद झाली, असे मिस्त्री आता शोधावे लागतात). त्याने प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी टॉप गियर टाकून गाडी पुढेमागे ढकलली आणि इंजिन फिरतंय म्हटल्यावर बॅटरी जोडून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचा मीटर) लावला. तीन ठीक, एक कमी. त्या एकात परत ऑइल टाकून बघितलं तर काटा आधीच्यापेक्षा वर चढेना, म्हणजे वॉल्व्ह नीट बसत नाहीये. काटा चढला असता तर रिंगा गेल्या, आणि शेजारचे दोन सिलिंडर कमी आले असते तर संशय हेड गॅस्केटवर (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, त्याखालचं पॅकिंग ते गॅस्केट). मग फक्त हेड उतरवून वॉल्व्ह लॅप केले (घासून नीट बसवले), खालचं काही उघडलंच नाही.

बदलायचं ते रबर, तिथं विचारच करू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, पाइप, कार्बोरेटरचं किट सगळं नवीन घ्या, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि त्या काळचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. पॉइंट, कंडेन्सर (हे दोन्ही प्लगच्या ठिणगीसाठी), फॅन बेल्ट, होस हे किरकोळ खर्चाचे. पाण्याच्या पंपात मात्र कंजुषी नको, हेड अॅल्युमिनियमचं आहे, एकदा गाडी तापली की वाकतं आणि मग घासून सपाट करायला लेथवाल्याकडे पळा.

खालचं उगाच उघडू नका, क्रँक एकदा ग्राइंड केला की परत जाड होत नाही, बोअरही मोठा केला की आपोआप लहान होत नाही, आणि गाडीच बंद होऊन पंचवीसेक वर्षं झाली, कुर्ल्यात "ओरिजिनल" म्हणून डब्यात जे मिळतं त्यात डुप्लिकेट किती ते आपण कसं ओळखणार. कंपनीचा कार्बोरेटर किंवा डिस्ट्रिब्युटर चालत असेल तर साफ करून तोच बसवा ना.

तेव्हा पुढच्या लेखात रंगाच्या शेडबरोबर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आधी किती होतं, नंतर किती आलं तेही छापा, आणि काढलेले पार्ट मालकाने परत मागून घेतले का तेवढं विचारा.

आपला,
एक वाचक, डोंबिवली