लोलोंसाठी धावून आलेल्या सगळ्यांचे आभार

माझे फिलिपिनो सासरे, आमच्या मुलांचे लोलो (म्हणजे आजोबा), गेले. कॅलिफोर्नियातल्या डेली सिटीतल्या घरी नऊ संध्याकाळी पासियामची, म्हणजे गेलेल्या माणसासाठी नऊ दिवस करायची, प्रार्थना झाली आणि रोज कुणी ना कुणी पान्सितचा (फिलिपिनो नूडल्सचा) ट्रे दाराशी ठेवून गेलं. नाव नाही, चिठ्ठी नाही. एकीने तर माझ्यासाठी बिनमांसाची लुंपिया (तळलेले रोल) वेगळ्या डब्यात आणली. पुण्याची सून शाकाहारी, हे तिला सांगितलं कुणी?

१९४७च्या करारामुळे अमेरिकी नौदल फिलिपिन्समधून थेट भरती करायचं, पण १९७०च्या दशकापर्यंत या फिलिपिनो पोरांच्या वाट्याला बहुतेक स्टुअर्डचीच कामं. लोलोंनीही अधिकाऱ्यांची ताटं उचलली, बूट चमकवले. कुरकुर कधी ऐकली नाही. (ताटात भात टाकला की मात्र खैर नसे!) गावी पाठवायचा बालिकबायान खोका ते स्वतः भरत: कॉर्न्ड बीफचे डबे, साबण, टॉवेल आणि फटीफटीत चॉकलेटं कोंबलेली. शेवटचा खोका अर्धाच राहिला होता. तो भरून, चिकटपट्टी लावून रवाना करणाऱ्या दोघा तरुणांनो, तुमचे खास आभार. रात्रपाळीच्या त्या नर्सताईंचेही, लोलोंशी इलोकानो भाषेत बोलत बसल्याबद्दल.

ट्रे धुऊन ठेवलेत. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला या, आपापले ओळखून न्या. जेवल्याशिवाय सोडणार नाही.