आधी ऊन, मग ऊब

ओटावा, जानेवारी

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या शॅमेलिऑनच्या, म्हणजे त्या रंग बदलणाऱ्या सरड्याच्या, पिंजऱ्याचे फोटो मिळाले. झाडं छान लावलीस, चारही बाजूंना जाळी घेतलीस हे तर उत्तमच. आणि मागच्या पायाच्या टाचेवर छोटा उंचवटा दिसतोय, म्हणजे नर आहे. पण दुकानातून आणलेला लाल दिवा आणि खाली अंथरायची गरम चटई परत करून ये. टोरांटोची थंडी बघून तुला त्याच्या उबेची काळजी लागलीय. त्याला आधी ऊन हवं, ऊब नंतर.

हे व्हेल्ड शॅमेलिऑन मूळचे येमेन आणि सौदीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले. दिवसा झाडावर ऊन खायचं, रात्री गारव्यात झोपायचं, अशी त्यांची सवय. रात्री १८-२० अंश त्यांना चांगलं मानवतं. घरात हीटिंग चालू असताना वेगळी ऊब कशाला? रात्री लालच काय, कुठलाच उजेड नको. मिट्ट काळोख हवा.

पैसे घालायचे ते यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणाऱ्या ट्यूबमध्ये घाल. पीळ दिलेला छोटा बल्ब नको, त्याचे किरण जेमतेम एका जागी पडतात. टी५ एचओची (बारीक, जास्त ताकदीची) लांब ट्यूब घे, ५ किंवा ६ टक्के यूव्हीबीची, पिंजऱ्याच्या रुंदीइतकी. या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर कितीही कॅल्शियम खाऊ घाल, अंगी लागत नाही. हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, आणि वाकलेले पाय पुन्हा सरळ होत नाहीत. खिडकीतल्या उन्हावर विसंबू नकोस, काच यूव्हीबी अडवते. ट्यूब वर्षाला बदल. ती लखलखीत दिसली तरी किरण कमी झालेले असतात.

उबेला साधा हॅलोजन बल्ब पुरे, तोही जाळीच्या बाहेर, वरून. ऊन खायची फांदी जाळीपासून वीसेक सेंटिमीटर खाली बांध. वय वाढेल तसा त्याचा डोक्यावरचा तुरा उंच होतो आणि जाळीला टेकला तर भाजतो. सध्या फांदीवर २७-२८ अंश ठेव, मोठा झाल्यावर ३० पर्यंत चालेल. तापमान मोज ते त्याच्या पाठीच्या उंचीला, पिंजऱ्याच्या भिंतीवर नव्हे. दोन्ही दिवे बारा तासांच्या टायमरवर लाव.

सकाळी जरा वेळ त्याच्यासमोर बस. थंड असताना तो काळपट असतो, दिव्याकडे कूस करून पानासारखा चपटा होतो. अंग तापलं की हिरवा होऊन खाली सरकतो. फिकट पडून तोंड वासून बसला तर मात्र बल्ब लगेच वर घे.

नागपूरच्या पुतण्याला मात्र सांग, तिकडचा रानातला शॅमेलिऑन घरी आणणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

पुढच्या महिन्यात येतो तेव्हा यूव्ही मीटर घेऊन येईन. फांदीपाशी यूव्ही निर्देशांक ३ च्या आसपास भरला पाहिजे. तोवर ट्यूबचं खोकं टाकू नकोस, त्यावरचा नंबर मला बघायचाय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सतीश