माणसं मोजली सड्यावर, टेप लावली वाडीत

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात सीआरझेडच्या, म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांच्या, बातम्या अधूनमधून येतात, त्यात एक बाजू रिसॉर्टवाल्यांची असते नाहीतर पर्यावरणवाल्यांची, आमच्यासारख्या दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या बाईची काही येत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी दापोली तालुक्यातली, गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण आमच्या बांधकामाला आलेली नोटीस अजून चालू आहे.

आमचं घर पुळणीपासून दीडशे मीटरवर. सासऱ्यांच्या आधीपासूनचं, चिऱ्याचं, पुढे पडवी, मागे माड-पोफळीची वाडी, वाडी संपली की सुरूचं बन आणि मग समुद्र. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दुपारभर आम्ही माजघरात बसून होतो आणि एकेक माड पडल्याचा आवाज मोजत होतो, नंतर मोजणं सोडून दिलं. कौलं गेली, पोफळी तर काड्या मोडाव्यात तशा मोडल्या. नवीन पोफळ लावली की सुपारी हाताला लागायला सहा-सात वर्षं तरी जातात, तोवर खायचं काय? म्हणून हे आणि मी मिळून घरातल्याच दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. जेवण मी करते, मोदक, सोलकढी, माशांचं पण. बरं चाललंय, खोटं कशाला बोलू.

पण मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला खोलीला लागून बाथरूम लागतं. रात्री टॉर्च घेऊन विहिरीकडे जा म्हटलं तर पुढच्या वेळी तो येत नाही. म्हणून मागच्या पडवीला लागून आठ बाय सहाचं बाथरूम बांधलं, आणि ते जुन्या जोत्याच्या बाहेर गेलं. झालं. नोटीस. पर्यावरण संरक्षण कायदा 1986, ना विकास क्षेत्रात, म्हणजे नवीन बांधकाम बंद असलेल्या पट्ट्यात, अनधिकृत बांधकाम. आमच्या पुतण्याने मोबाईलवर बघून सांगितलं की काकी घाबरू नको, पूर्वी ह्यात पाच वर्षं कैद होती, 2024 पासून ती काढून दंड ठेवलाय, 10 हजार ते 15 लाख. पंधरा लाख! माझ्या अख्ख्या बाथरूमला लाख रुपये पण लागले नाहीत.

आता नियमाचं बोलू. 19 फेब्रुवारी 1991 ला पहिली अधिसूचना आली, भरतीरेषेपासून 500 मीटर सीआरझेड, आणि गावांमध्ये पहिले 200 मीटर नवीन बांधकाम बंद. 2011 ला नवीन आली, 200 तसेच राहिले. मग 18 जानेवारी 2019 ला तिसरी आली आणि तिच्यात गावांचे दोन भाग केले. जिथे 2011 च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त माणसं राहतात तिथे, किनाऱ्याचा नवा आराखडा मंजूर झाला की, 200 चे 50 मीटर होणार, आणि जिथे कमी राहतात तिथे 200 च राहणार. ऐकायला बरोबर वाटतं, दाटीवाटीची वस्ती आहे तिथे लोकांना जागा द्या, मोकळा किनारा मोकळा ठेवा.

पण साहेब, रत्नागिरी जिल्ह्याची सरासरी आहे 197. सिंधुदुर्गाची 163. म्हणजे कोकणातली जवळजवळ सगळी गावं दुसऱ्या गटात. आणि ही माणसं मोजली कशी? गावाचं क्षेत्रफळ धरून. आमच्या गावाचं क्षेत्रफळ म्हणजे काय, वर सगळा सडा आहे, कातळ, करवंदी, थोडे काजू, तिथे रात्री कोल्ह्याशिवाय कोणी राहत नाही. सगळा गाव खाली, डोंगर आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, एक रस्ता आणि दोन्ही बाजूला घरं, आमच्या आळीत एका घराची पागोळी दुसऱ्याच्या अंगणात पडते. पूर्वजांनी वर सड्यावर घरं बांधली नाहीत कारण तिथे पाणी नाही, आणि आता कागदावर तोच रिकामा सडा भागाकारात येऊन आमची दाट वस्ती विरळ करून टाकतो. वर वस्तीची परवानगी आहे पण पाणी नाही, खाली पाणी आहे पण परवानगी नाही.

मी सीआरझेडच्या विरोधात नाही हे आधी लिहायला हवं होतं. नियम नसता तर आज आमच्या सुरूच्या बनाच्या जागी कोणाची तरी पाच मजली बिल्डिंग असती आणि वादळात पहिला फटका घरालाच बसला असता. सुरू पडले पण त्यांनी वारा अडवला, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण नियम लावणारे अंतर मोजतात, घाण मोजत नाहीत. मोजायला आलेल्या माणसांनी टेप लावली, फोटो काढले, चहा घेतला, पण बाथरूमचं पाणी कुठे जातं हे एकाने विचारलं नाही. मी शोषखड्डा केलाय, विहिरीपासून लांब, दाखवायला तयार होते. 200 मीटरच्या बाहेर एक मोठं हॉटेल आहे, कागद सगळे ओके, त्याचं सांडपाणी पऱ्ह्यातून सरळ खाडीत, पावसाळ्यात वास येतो. ते चालतं, कारण टेप तिथवर पोचत नाही.

आणि ती टेप तरी कुठून लावायची? उधाणाच्या भरतीला पाणी जिथवर येतं ती रेषा, ती सरकारी नकाशावर आखलेली असते. किनाऱ्याच्या आराखड्याचा नकाशा 1:25,000 ह्या मापाचा, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 25 मीटर. पेन्सिलीची रेघ जरा जाड आली तर माझं बाथरूम, विहीर आणि गोठा सगळं त्या रेघेखाली झाकून जाईल. त्यात समुद्र काही नकाशा बघून येत नाही. आमच्याकडे शेजारच्या वाडीपर्यंत दगडी बंधारा घातला, चांगला घातला, पण बंधारा संपतो तिथून पुढची पुळण दरवर्षी खचते, लाटेचा जोर कुठेतरी जाणारच ना. म्हणजे आमचं घर न हलता समुद्राच्या जवळ सरकतंय. भरतीरेषेवर टनांनी दगड ओतायला परवानगी मिळते आणि दीडशे मीटरवर चार भिंतींना नाही, हे मला समजावून सांगणारा अजून कोणी भेटला नाही.

2019 च्या नियमात आमच्या बाजूचं पण आहे हे मला उशिरा कळलं. स्थानिकांनी जोतं न बदलता राहत्या घरात होमस्टे चालवायला हरकत नाही, आणि नियमात बसणाऱ्या जागेत स्वतःच्या राहण्यासाठी 300 चौरस मीटरपर्यंतचं घर असेल तर स्थानिक पातळीवरच परवानगी मिळते, वर मुंबईपर्यंत फाईल न्यावी लागत नाही. हे ना ग्रामपंचायतीत कोणाला धड माहिती, ना तहसीलला. मोठ्या माणसाकडे कन्सल्टंट असतो, आमच्याकडे पुतण्या आहे. आराखड्याच्या सुनावणीला रत्नागिरीला जायचं म्हणजे पहाटेची एसटी, दिवस मोडतो, आणि नकाशावरचं एक अक्षर मराठीत नव्हतं. आमचे तात्या गेले होते, परत येऊन म्हणाले, "अगं, निळी रेघ, लाल रेघ, पिवळी रेघ, आपलं घर कुठल्या रेघेत ते त्यांनाच सापडेना."

माझं मागणं एवढंच आहे. दाटी मोजायची तर वस्तीच्या पट्टीची मोजा, सड्याची नको. गट नंबर टाकलेला मोठा नकाशा मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा आणि सुनावणी तालुक्याला घ्या, तीही मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत, म्हणजे कोळीवाड्यातली माणसं पण येतील. आणि परवानगी देताना सांडपाण्याचं आधी विचारा, मीटरचं मागाहून.

नोटिशीला उत्तर दिलंय, शोषखड्ड्याचा फोटो पण जोडलाय. बाथरूमला तूर्त कुलूप आहे, पाहुण्यांना परत टॉर्च देतेय.

आपली,
एक वाडीवाली वाचक
ता. दापोली, जि. रत्नागिरी