पिंगीला आधी काट्यावर ठेव

इंदूर, शनिवार

प्रिय सुलू,

चार महिन्यांत एक ओळ नाही, हवं ते बोल. आईचे गुडघे आहेत तसेच, बाकी सगळे बरे. लिहायचं कारण माझी मांजर चिंगी. तिच्या किडन्या कमजोर निघाल्या, आणि तुझी पिंगी तिच्याच वेताची, तितकीच चौदा वर्षांची; तिलाही तपासून घे.

किडनीसाठी रक्तात मोजतात त्या एकट्या क्रिएटिनिनवर विसंबू नकोस. ते स्नायूंतून येतं, म्हणून वाळलेल्या मांजरीत ते कमीच दिसतं. किडनीचं बरंचसं काम गेल्यावर कुठे वर चढतं. सोबत एसडीएमए ही किडनीचीच दुसरी रक्ततपासणी सांग, त्यातला आकडा आधी वाढतो. टी-फोर, म्हणजे थायरॉइडची तपासणी, तर हवीच: थायरॉइड वाढलेलं असलं की किडनीतून रक्त जोरात वाहतं आणि तिची कमजोरी झाकली जाते. लघवीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ती किती घट्ट आहे ते, १.०३५ च्या खाली असेल तर पुन्हा तपासून घे, प्रोटीनही बघायला सांग. रक्तदाब मात्र पोचल्या पोचल्या घेऊ देऊ नकोस. पाच-दहा मिनिटं तिला शांत बसू दे, पहिला आकडा सोडून पुढच्या पाच-सहांची सरासरी काढायची. वरच्या दाबाची ही सरासरी सतत १६० च्या वर राहिली तर औषध लागतं, नाहीतर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एकाएकी आंधळी होते.

'वय झालं, वाळणारच' यावरून आपण सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेला गराडू कंद खाता खाता भांडलो होतो, आठवतं? मी अजून तिथेच आहे. वाळण्यामागे किडनी, थायरॉइड, मधुमेह, दात, काहीतरी असतंच. तिला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहून वजाबाकी करू नकोस, त्यात शंभर-दोनशे ग्रॅम सहज चुकतात. टोपलीत बसवून बाळांच्या काट्यावर ठेव, टोपली वजा कर, दर महिन्याला लिहून ठेव. चार किलोतले दोनशे ग्रॅम म्हणजे पाच टक्के, तुझे-माझे तीन किलो!

किडनीचं खाणं डॉक्टरांनी सांगितलं तर जुन्यात थोडं थोडं मिसळत दोन-तीन आठवड्यांत बदल. मळमळत असताना सुरू केलंस तर त्या वासाचा कायमचा तिटकारा बसेल. 'भूक लागली की खाईल' म्हणून उपाशी तर मुळीच ठेवू नकोस. मांजरीच्या यकृतात चरबी साठते. तिच्या शी-शूच्या ट्रेची एक बाजू कापून बुटकी कर, म्हाताऱ्या सांध्यांना चढायला दुखतं. आणि दुखतंय म्हणून आपलं पॅरासिटामॉल? एक गोळीही जीव घेते.

तुझ्या बदलीचं काय झालं? मुकुंदाचा निकाल लागला का?

पिंगीचं वजन ग्रॅममध्ये कळव, उद्याच.

तुझी,
माई